गढीचा फिरता जिना : स्पर्धेपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

जळगावच्या आमच्या हौशी मंडळाने हा चाकांवरचा जिना राज्य नाट्य स्पर्धेसाठी करून घेतला. स्पर्धेनंतर युवारंग या विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला एका कॉलेजने मागून नेला, मग धुळ्याचा प्रयोग झाला, उन्हाळाभर तो पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता आणि आता पावसाळाही खाऊन झालाय. एवढ्या वापरानंतर थोडं ठामपणे लिहायला हरकत नाही.

नाटकात पहिल्या अंकात गढीचा जिना दिसतो. दुसऱ्या अंकात तोच उलटा फिरवला की मागची बाजू माडीवरची खोली होते. उंची ४२ इंच, म्हणजे ७ इंचांची एक अशा ६ चढणी. पाऊल टेकायला ११ इंच, रुंदी साडेतीन फूट, वर तीन फुटांचा टप्पा, म्हणजे उभं राहायची सपाट जागा. पायऱ्या आणि टप्पा वेगळे ठेवून बोल्टने जोडतो, कारण दोन्ही मिळून लांबी साडेसात फुटांच्या वर जाते आणि छोट्या हत्तीच्या हौद्यात ती मावत नाही. सांगाडा २५ बाय २५ च्या, २ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपचा, वर १९ मिमी प्लाय. तिरक्या पट्ट्या इतक्या मारून घेतल्या की वेल्डिंगवाला म्हणाला, "काय भो, नाटक करून राह्यले का पूल बांधून राह्यले?"

मुद्दा चाकांचा आहे. ब्रेकची चाकं लावली की जिना हलत नाही, असं बहुतेक जण धरून चालतात. साधा ब्रेक चाकाचं गरगरणं थांबवतो, पण चाक ज्या फिरत्या प्लेटला लटकलेलं असतं ती मोकळीच राहते आणि तिच्यात थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच. जमिनीलगत तो कळत नाही. साडेतीन फुटांवर उभ्या माणसाला चांगला कळतो, आणि त्याच्या आवाजातही उतरतो.

म्हणून आमच्या जिन्यात नट चढतो तेव्हा भार चाकांवर नसतोच. दोन्ही टोकांना एकेक जाड फळी बिजागरीने सांगाड्याला बसवलीय आणि चाकं त्या फळीखाली आहेत. फळी पायाने दाबली की चाकं जमीन धरतात, जिना अर्धा इंच उचलला जातो आणि फळी खटक्यात अडकते. जागेवर नेऊन खटका सोडला की जिना लोखंडी पायांवर बसतो. पायांखाली जाड रबर आहे, त्यामुळे 'खट्ट' होत नाही. इतक्या महिन्यांत या जोडणीने एकदाही दगा दिला नाही. बिजागऱ्या मात्र दारा-खिडक्यांच्या घेऊ नका, फाटकाच्या घ्या.

चाकांची क्षमता काढताना चारने नाही, तीनने भागायचं. रंगमंच कागदावर सपाट असतो. प्रत्यक्षात एखादं चाक अधांतरी राहतंच. जिना साधारण ११० किलो, त्यावर ७० किलोची तीन माणसं धरली तर ३२०. तीनने भागून १०७ येतात, म्हणून १५० किलोची चाकं घेतली. चाकांवर असताना कुणी चढायचं नाही असा नियम आहे, पण तालमीत कुणीतरी चढतोच. चाकं ४ इंची पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनची आहेत. दोन इंची स्वस्त पडतात, पण फळ्यांच्या फटीत आणि लाइटच्या केबलवर अडकतात. नायलॉनची ब्लॅकआउटमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातात.

एक गोष्ट सुताराला आधीच बजावून सांगा. चार इंची चाकाची प्लेटसकट उंची पाच इंचांच्या आसपास जाते. सगळ्या पायऱ्या सारख्या करून खाली चाकं ठोकली तर पहिली चढण बारा इंचांची होते. पाय पहिल्या दोन पायऱ्यांचं माप धरतो आणि पुढे डोळे मिटून चालतो. नऊवारीतली नटी तर खाली बघूही शकत नाही. उंची मोजायची ती जमिनीपासून, जिन्याचे लोखंडी पाय टेकलेल्या अवस्थेत.

कठड्याचे खांब प्लायला स्क्रूने न लावता सांगाड्यातल्या नळीत खोचून बोल्ट केलेत. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूलाही कठडा आहे. दिग्दर्शक त्यावर नाराज होते. काळा रंग दिल्यावर विसरले. पायऱ्यांच्या कडेला अंधारात चमकणारी पट्टी आहे, तिला आधी पुरेसा उजेड मिळाला तरच ती चमकते, हे लाइटवाल्याच्या लक्षात आणून द्यावं लागतं.

आता तक्रारी. प्लाय आणि लोखंड घासून होणारी कुरकुर पहिल्याच तालमीत सुरू झाली. मध्ये सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्यावर थांबली. मे महिन्यात शेडमध्ये प्लायच्या कडा सुटल्या. आपल्याकडचं ऊन धरून कडांना आधीच लाकडी पट्टी मारायला हवी. गंज रोखणारं रेड ऑक्साइड जिथे नीट पोचलं नव्हतं त्या वेल्डिंगच्या जोडांवर पावसात गंज आला. टेम्पोच्या हादऱ्यांनी साधे नट सैल होतात. नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले नट टाकल्यापासून तो त्रास नाही, तरी प्रयोगाआधी पाना फिरतोच. युवारंगच्या मांडवात जमीन उंचसखल होती, तिथे पायांखाली प्लायचे तुकडे सारावे लागले. पुढच्या जिन्याला स्क्रूने वर-खाली होणारे पाय करणार आहे.

सगळ्यात मोठी अडचण वजनाची. उतरवायला चार माणसं लागतात आणि प्रयोग संपल्यावर चार माणसं सापडणं हा वेगळाच विषय आहे. नाटकात जिना जागचा हलणारच नसेल तर या खटाटोपात पडू नका, भाड्याच्या लेव्हल, म्हणजे रंगमंचावर मांडायचे तयार चौथरे आणा आणि त्यांना पायऱ्यांचे खोके लावा. निम्म्याहून कमी पैशात काम होतं.