कॅसेटवाला टीव्ही गेम: डबा एकच, आतला माल तीन तऱ्हांचा

लाल-पांढरा डबा, कंपनीचं नाव नाही, वर कॅसेटची खाच आणि वायरीचे दोन रिमोट. हा टीव्ही गेम संभाजीनगरच्या शहागंजात, लातूरच्या गंजगोलाईत, नांदेडच्या वजिराबादेत विचारत फिरलात तर अजून सापडतो. खोक्यावर फोटो भलत्याच महागड्या मशीनचा, आत डोकं मात्र १९८३ चं. त्यात वाईट काही नाही. अडचण एवढीच की, सारख्या दिसणाऱ्या डब्यात तीन तऱ्हांचा माल विकला जातो आणि दुकानदारालाही बहुधा त्यातला फरक माहीत नसतो.

हे डोकं मूळचं जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिली कॉम्प्युटरचं, म्हणजे फॅमिकॉमचं. मासायुकी उएमुरा यांच्या हाताखाली ते तयार झालं आणि १५ जुलै १९८३ ला जपानात १४,८०० येनला विक्रीला आलं. १.७९ मेगाहर्ट्झचा रिको प्रोसेसर, २ केबी रॅम, शिवाय चित्रासाठी वेगळी चिप आणि तिची स्वतःची २ केबी. पुढे तैवानच्या यूएमसी कंपनीने या दोन्ही चिपांच्या नकला काढल्या. आपल्याकडे ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी विकले गेलेले सेट याच नकली कुळातले. म्हणून इथली कॅसेट जपानी मापाची, ६० पिनांची. एनईएसची, म्हणजे फॅमिकॉमच्याच अमेरिकी भावाची, ७२ पिनांची असते, ती या खाचेत बसत नाही. ऑनलाइन जुनी कॅसेट मागवताना पिनांचा आकडा आधी विचारून घ्या.

आता डबा. शक्य असेल तर खालचे स्क्रू काढून बघाच. बोर्डावर ४० पायांच्या दोन लांब चिपा दिसल्या (सहसा यूए६५२७पी आणि यूए६५३८), शेजारी ६११६ नंबरच्या दोन रॅम, ७४३७३ आणि ७४१३९ नंबरच्या दोन छोट्या चिपा, तर तो जुना, खरा दणकट माल. भाव थोडा जास्त सांगितला तरी घ्या. यातला प्रत्येक भाग वेगळा काढता येतो. रॅम गेली तर रॅमच बदलायची. दुसऱ्या तऱ्हेत चिपा नसतातच, हिरव्या बोर्डावर काळ्या डांबरासारखा एक थेंब असतो. त्या थेंबाखाली अख्खं मशीन. चालतं, पण थेंब मेला की बोर्ड भंगारात. लहान पोरांना खेळायला द्यायचा असेल तर हाही पुरे. तिसरी तऱ्हा बिनखाचेची: आतच शेकडो गेम भरलेले, कॅसेट लावायची सोयच नाही. ती या परीक्षणापुरती बादच धरा.

झाकण उघडू देत नसतील तर दुकानातच एक चाचणी करता येते. सुपर मारियो लावा, पहिल्या लेव्हलमध्ये मारियोला जागेवरच उभा ठेवा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच चालू करा. वरचा वेळ ४०० वरून ३०० वर यायला ४० सेकंद लागले तर सेट ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं (फ्रेमा) दाखवणारा. ४८ लागले तर ५० हर्ट्झचा. त्या गेममध्ये वेळेचा एक आकडा २४ फ्रेमांनी उतरतो, म्हणून हे गणित. आपल्याकडचे टीव्ही पाल या ५० हर्ट्झच्या पद्धतीचे, त्यामुळे जुने सेट बहुतेक ५० चे, आणि त्यांच्यावर मारियो जपानपेक्षा सुमारे १७ टक्के हळू धावतो. यूए६५३८ च्या जोडीत प्रोसेसरचा वेग १.७७ मेगाहर्ट्झ ठेवलेला असतो, म्हणून गाण्याचा सूर जवळपास तोच राहतो, लय तेवढी रेंगाळते. इथल्या कित्येकांना तोच वेग खरा वाटतो, आणि ६० चा सेट हातात आला की मारियो खड्ड्यात. ६० चा सेट फक्त पाल ओळखणाऱ्या जुन्या टीव्हीला लावला तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा फिरत राहतं. तो सेटचा बिघाड नव्हे. बोर्डावरच्या क्रिस्टलवर २६.६०१ असेल तर पाल, २१.४७७ असेल तर एनटीएससी, म्हणजे जपान-अमेरिकेतली ६० हर्ट्झची पद्धत.

आवाजातही नक्कल उघडी पडते. बऱ्याच नकली चिपांत चौकोनी लहरीचे २५ आणि ५० टक्क्यांचे प्रकार एकमेकांच्या जागी गेलेले असतात, त्यामुळे काही धून नाकातून गायल्यासारख्या येतात. त्याला उपाय नाही.

मराठवाड्यात या सेटचा खरा वैरी अडाप्टर. सोबत येणारा अडाप्टर ट्रान्सफॉर्मरचा, वर ९ व्होल्ट लिहिलेलं, पण भार नसताना मीटरवर १२-१३ दाखवणारा. आत ७८०५ रेग्युलेटर त्याचे ५ करतो आणि उरलेल्याची उष्णता करतो. सेट ३०० मिलिअँपिअर ओढत असेल तर ९ व्होल्टला १.२ वॅट जळतात, १२ व्होल्टला २.१. मे महिन्यात खोलीतच चाळिशी गाठलेली असते, त्यात पत्र्याचा एवढासा हीटसिंक. तासाभरात चित्र हलायला लागतं ते यामुळेच. उलट संध्याकाळी शिवारातल्या मोटारी चालू झाल्या की लाइनचं व्होल्टेज पडतं, ट्रान्सफॉर्मरचंही पडतं. ७८०५ ला निदान ७ व्होल्ट हवेत, ते मिळाले नाहीत की गेम ऐन रंगात अडकतो. दोन्हींवर एकच औषध: १०० ते २४० व्होल्टवर चालणारा, ९ व्होल्ट १ अँपिअरचा एसएमपीएस अडाप्टर (मोबाइल चार्जरसारखा हलका, जड ट्रान्सफॉर्मर नसलेला). लावण्याआधी पिनेची दिशा तपासा. मूळ फॅमिकॉमला मधली पिन उणे लागते, नकली सेटांत दोन्ही प्रकार दिसतात. जुन्या अडाप्टरची दिशा मीटरवर पाहून नवा तसाच घ्या. आणि डब्यात यूएसबीची ५ व्होल्टची वायर आली असेल तर आत रेग्युलेटर नसण्याचीच शक्यता जास्त. तिथे ९ व्होल्ट दिले की संपलं.

पडद्यावर आडव्या पट्ट्या हळूहळू सरकत असतील तर रेग्युलेटरच्या अलीकडचा मोठा कपॅसिटर सुकलेला असतो. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा नवा टाका; उणे बाजूच्या पट्टीकडे लक्ष ठेवा. किरकोळ खर्च आहे.

खाचेचे आजार चित्रावरून ओळखता येतात, कारण कॅसेटमध्ये प्रोग्रॅमची आणि चित्रांची चिप वेगळी असते. मारियोत प्रोग्रॅम ३२ केबी, चित्रं ८ केबी, एवढ्यात सगळा संसार. गेम चालतोय, आवाज येतोय, पण चित्रांच्या जागी अक्षरांची खिचडी, तर चित्रांकडच्या पिना मळल्यात. पडदा एकाच रंगाचा आणि काहीच हलत नाही, तर प्रोग्रॅमकडच्या. चित्र उत्तम पण आवाज गायब, हा मूळ फॅमिकॉमचा खास आजार: त्यात आवाज ४५ नंबरच्या पिनेतून कॅसेटमध्ये जाऊन ४६ मधून परत येतो, त्या दोनच पिना पुसल्या तरी भागतं. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातली काडी. काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसा, दोन मिनिटं वाळू द्या. फार काळवंडलेल्या पट्टीवर आधी पांढरा खोडरबर हलक्या हाताने. फुंकर मात्र नको. फुंकल्यावर चालते ती कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. थुंकीचा ओलावा पट्टीला गंज आणतो. पुसूनही भागलं नाही तर खाचेच्या खालचे ६० टाके भिंगाने बघा. कॅसेट रेटून रेटून तिथला सोल्डर चिरतो, तो पुन्हा तापवला की सेट जागा होतो. सेट चालू असताना कॅसेट ओढणाऱ्या पोराला मात्र कुठलाच सोल्डर पुरा पडत नाही.

सोबतच्या ‘९९९९९९९ इन वन’ कॅसेटला भाव देऊ नका. त्यात मूठभरच गेम असतात आणि तेच कधी तिसऱ्या लेव्हलपासून, कधी जास्त जीव देऊन यादीत फिरवलेले. कॉन्ट्रासारखा मोठा गेम हवा तर वेगळी कॅसेट मागा आणि दुकानातच पहिली लेव्हल पार करून बघा. टायटल दिसून पुढे अडकणाऱ्या कॅसेटी कमी नाहीत. मारियोतली पात्रं गर्दीत लुकलुकली तर घाबरू नका, एका आडव्या रेषेत आठच हलती चित्रं दाखवायची ही त्या चिपचीच मर्यादा.

बदकं मारायच्या गेमच्या बंदुकीसाठी जादा पैसे मागतील. घरी एलईडी टीव्ही असेल तर देऊ नका. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला सेन्सर तो त्याच क्षणी शोधतो. एलईडी टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, म्हणून नेम कितीही धरा, बदक उडून जातं. जुना पेटीवाला टीव्ही असेल तरच ती चालते. नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी वायर लावायची तर मागे एव्ही इनपुट आहे का ते आधी बघा. कित्येकांना आता बारीक जॅक आणि त्याची वेगळी वायर लागते. टीव्हीतला ‘गेम मोड’ चालू केला की उडीचा उशीर बऱ्यापैकी कमी होतो.

रिमोट शेवटी तपासा, पण तपासाच. नऊ पिनांचा जोड असला तरी आत कामाच्या तारा पाचच: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. सगळी बटणं एकदम मेली तर तार तुटलेली, आणि ती हमखास रिमोटच्या तोंडाशी तुटते. दोन इंच कापून पुन्हा जोडा. एखादंच बटण जड झालं तर रबराखालचा कार्बन झिजलाय. त्यावर ४बी पेन्सिल घासली की काही आठवडे निघतात, तेवढ्यात दुसऱ्या मेलेल्या रिमोटची रबरं मिळवून ठेवा. टर्बोची (दाबून धरली की आपोआप पुन्हा पुन्हा दाबली जाणारी) बटणं चालतात का, ते दुकानदार स्वतःहून दाखवत नाही.