जुन्या गाडीला पॉवर स्टीअरिंग की मॅन्युअल?

मॅन्युअल, म्हणजे फक्त हाताच्या जोरावर चालणाऱ्या, स्टीअरिंगची खरी परीक्षा पार्किंगमध्ये होते. उभ्या गाडीची चाकं वळवताना खांदे भरून येतात. जोर कमी लागावा म्हणून स्टीअरिंगच्या गिअरचं गुणोत्तर मोठं आणि हातातलं चाकही मोठं ठेवलेलं असतं, त्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाचेक फेरे सहज होतात. गाडीने वेग घेतला की मात्र तेच चाक हलकं होतं आणि रस्त्याचा प्रत्येक खडबडीतपणा तळहाताला कळतो. त्यात पंप नाही, पट्टा नाही, तेलगळती नाही.

१९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलपासून हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने मदत करणारं, पॉवर स्टीअरिंग विक्रीच्या गाड्यांत आलं. त्या काळातल्या अनेक अमेरिकन गाड्यांत ते इतकं मऊ असतं की चाकं नेमकी कुठे आहेत याचा पत्ताच लागत नाही. पण पुढच्या बाजूला जड व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन असेल तर मी मुकाट्याने पॉवरच घेईन.

छोट्या, हलक्या गाडीला मॅन्युअलच शोभतं. फारच जड वाटलं तर आधी टायरमधली हवा, किंगपिनचं (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिचं) ग्रीस आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासा. बरेचदा दुखणं तिथेच असतं.