डिस्चार्ज बुकात पदक नाही: आधी थेट अर्ज की आधी आरटीआय?

निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी लक्षात येतं की डिस्चार्ज बुकातल्या (सैन्यातून बाहेर पडताना मिळणाऱ्या सेवापुस्तकातल्या) पदकांच्या पानावर एक ओळ कमी आहे. सोबतच्या जवानाच्या पुस्तकात ऑपरेशन विजय मेडल आहे, आपल्यात नाही. किंवा सियाचीनला राहून आलेल्या माणसाच्या पुस्तकात सियाचीन ग्लेशियर मेडलचा पत्ता नाही. ही ओळ चढवायचे रस्ते चार: सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला थेट अर्ज (स्वतः किंवा सैनिक बोर्डामार्फत), माहिती अधिकार (आरटीआय), केंद्राचं तक्रार पोर्टल आणि शेवटी सशस्त्र सेना न्यायाधिकरण. शेवटचे दोन गरज पडली तरच. खरा पेच पहिल्या दोघांत आहे: सुरुवात कशाने करायची?

हे सगळं जवान आणि जेसीओंसाठी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आहे. अधिकाऱ्यांची कागदपत्रं दिल्लीत वेगळ्या शाखेकडे असतात.

आधी एक फरक. नोंद नसणं आणि पदक हातात न मिळणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पुस्तकात नोंद आहे, फक्त रिबन मिळाली आणि धातूचं पदक आलंच नाही, तर दुरुस्ती नको, पदक देण्याची मागणी करा. पदक हरवलं असेल तर दुसरी प्रत पैसे भरून मिळते, तो तिसराच अर्ज. तिन्ही गोष्टी एका कागदात लिहिल्या की उत्तर त्यातल्या सगळ्यात सोप्या गोष्टीचं येतं आणि फाइल बंद होते.

थेट अर्जाची बाजू भक्कम आहे, हे आधीच सांगतो. दुरुस्ती करण्याचा अधिकार फक्त रेकॉर्ड ऑफिसला आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नौसैनिकांसाठी मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलासाठी दिल्लीतलं सुब्रतो पार्क. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी याच दारात यायचंय, मग वळसा कशाला, हा प्रश्न रास्त आहे.

काही पदकांच्या बाबतीत तर वळसा घेऊच नये. ५० व्या स्वातंत्र्यदिन वर्धापन पदकासाठी १५ ऑगस्ट १९९७ ला सेवेत असणं एवढीच मुख्य अट. २५ व्याला १५ ऑगस्ट १९७२. नऊ, वीस, तीस वर्षांच्या दीर्घ सेवा पदकांचंही जवळपास तसंच. भरतीची आणि निवृत्तीची तारीख पुस्तकाच्या पहिल्या पानांवर असते. त्या पानांची साक्षांकित प्रत आणि एक परिच्छेदाचा अर्ज पुरतो. फक्त तारीख नीट पाहा: ३१ जुलै १९९७ ला निवृत्त झालेला माणूस त्या पदकाला पंधरा दिवसांनी मुकतो, आणि असे अर्ज बरेच येतात.

शौर्यपदकांचंही थेटच. सेना मेडल किंवा त्यावरची पदकं भारताच्या राजपत्रात छापली जातात, त्यामुळे पुरावा हातात असतो. राजपत्राचं पान जोडा, आणि पुस्तकासोबत पीपीओही (पेन्शनचा आदेश) तपासा. शौर्यासाठीच्या सेना मेडलला १ ऑगस्ट २०१७ पासून दरमहा २,००० रुपये भत्ता आहे, वीरचक्राला ७,०००. पीपीओत उल्लेख नसेल तर हा मानाचा प्रश्न राहत नाही, थकबाकीचा होतो. सुधारित पीपीओची मागणी त्याच अर्जात स्वतंत्र मुद्दा म्हणून घाला आणि स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवा. मात्र सेना मेडल विशिष्ट सेवेसाठी असेल तर हा भत्ता लागू नाही.

अडतं ते मोहिमेच्या पदकांपाशी. ऑपरेशन विजय (कारगिल), ऑपरेशन पराक्रम, सियाचीन ग्लेशियर, १९७१ ची पूर्वी आणि पश्चिमी स्टार, आणि युद्धात जखमी झालेल्यांचं पराक्रम पदक. यांना तारीख आणि ठिकाण दोन्ही लागतं. ऑपरेशन विजय स्टार प्रत्यक्ष लढाईच्या भागात असलेल्यांना, ऑपरेशन विजय मेडल त्या मोहिमेसाठी इतरत्र तैनात असलेल्यांना, असा फरक आहे. म्हणजे 'मी कारगिलच्या वेळी सेवेत होतो' हे वाक्य कशालाच पुरत नाही. कुठे होतो, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि हे कोणत्या कागदावर आहे?

तो कागद म्हणजे पार्ट टू ऑर्डर. बदली, रजा, बढती, लग्न, मुलं, जखम, पदक, जे काही घडलं ते युनिटने पार्ट टू ऑर्डरमध्ये छापलं तर रेकॉर्ड ऑफिससाठी ते घडलं. छापलं नाही तर माणूस बर्फात उभा होता की घरी होता, हे फाइलला माहीत नसतं.

पदकं गळतात ती बहुधा अटॅचमेंटच्या काळात. जवान मूळ पलटणीचा, पण काही महिने दुसऱ्या युनिटला जोडलेला. मूळ युनिट म्हणतं, माणूस आमच्याकडे नव्हता. दुसरं युनिट आपल्या नॉमिनल रोलमध्ये, म्हणजे नावांच्या यादीत, स्वतःची माणसं घेतं, जोडलेली राहून जातात. राष्ट्रीय रायफल्समध्ये काढलेल्या वर्षांचं असंच: ऑर्डर आरआर बटालियनने छापायची आणि ती मूळ रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पोचायची, मध्ये कुठेही घसरू शकते. दुसरं कारण नंबर. नायब सुभेदार झाल्यावर जेसी नंबर मिळतो, जुनी ऑर्डर शिपाई असतानाच्या नंबरावर असते, आणि नव्या नंबरावर शोधणाऱ्याला ती सापडत नाही. अर्जावर दोन्ही नंबर लिहा, ही या लेखातली सगळ्यात स्वस्त सूचना. तिसरं, नावाची स्पेलिंग. चौथं कारण कुणाला ऐकायला आवडत नाही: पात्रतेच्या नेमक्या काळात माणूस रजेवर, कोर्सवर किंवा हॉस्पिटलात होता आणि पदक खरंच लागू नाही.

थेट अर्जाची जी गोष्ट मला खटकते, आणि माझा कल ठरवून गेली, ती इथे येते. मोहिमेच्या पदकासाठी थेट अर्ज केला की पुष्कळदा एका ओळीचं उत्तर येतं: उपलब्ध अभिलेखात सदर पदकाची नोंद आढळत नाही. झालं. काय पाहिलं? शीट रोल, म्हणजे जवानाच्या सेवेचा मूळ नोंदपट, पाहिला की नुसता संगणकावरचा तक्ता? जुन्या नंबरावर शोधलं का? ऑर्डर छापलीच गेली नाही, की छापली गेली पण पुस्तकात उतरवायची राहिली? एका ओळीतून यातलं काहीच कळत नाही. वाद घालायलाही धागा लागतो, आणि ही ओळ तो देत नाही. सैनिक बोर्डामार्फत गेलात तर भर म्हणून उत्तर बोर्डाच्या पत्त्यावर येतं आणि ते आपल्यापर्यंत येण्याचा वेग त्या टेबलावर अवलंबून. बोर्डाची माणसं मदतीची असतात, साक्षांकन आणि पुढे पाठवण्याचं पत्र तिथून मिळतं, ते जरूर घ्यावं. पण अर्जाची एक प्रत स्वतः स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पावती जपावी.

म्हणूनच ही ओळ पहिल्या अर्जावर येणं मला महागाचं वाटतं. रेकॉर्ड ऑफिसच्या दृष्टीने प्रकरण एकदा निकाली निघालं की पुढच्या अर्जाला 'आधीच कळवले आहे' एवढंच उत्तर मिळू शकतं.

म्हणून मोहिमेच्या पदकासाठी मी आधी आरटीआय म्हणेन. पण आरटीआय दुरुस्ती करत नाही. 'पदक मंजूर करावे' असं त्यात लिहिलं तर तो अर्ज वाया गेला. 'पदक का दिले नाही' हेही विचारू नये, कारण कागदात नसलेली कारणं शोधून सांगायला माहिती अधिकारी बांधील नाही. मागायच्या त्या प्रती. मी असं मागेन:

'माझ्या शीट रोलची संपूर्ण साक्षांकित प्रत. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्या संदर्भात (जुना नंबर, जेसी नंबर) प्रसिद्ध झालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती. माझ्या नोंदीत असलेल्या पदकांची यादी, प्रत्येकाच्या पार्ट टू ऑर्डरच्या क्रमांक व तारखेसह. वरीलपैकी एखादा कागद नष्ट केला असल्यास नष्ट केल्याची तारीख व त्या आदेशाची प्रत.'

एवढंच. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. प्रतींना पानामागे २ रुपये. मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला शुल्क नाही. अर्ज चुकीच्या अधिकाऱ्याकडे गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यानेच तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. भाषेचा एक बारकावा: कायद्यानुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो. खडकी, नाशिक, अहिल्यानगर, मानखुर्दसाठी मराठी ठीक, पण बेळगाव, सागर, जबलपूरला हिंदी किंवा इंग्रजीतच पाठवा. आणि युनिटची वॉर डायरी मागू नका. सुरक्षेचं कलम ८(१)(अ) लावून ती नाकारली जाईल आणि तिच्यासोबत बाकीचंही लांबेल. स्वतःची पानं मागा, ती तुमचीच आहेत.

जे कागद येतील त्यावरून तीनपैकी एक चित्र दिसतं. ऑर्डर छापलेली आहे आणि पुस्तकात उतरलेली नाही, ही कारकुनी चूक. थेट अर्जात ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख लिहिली की नाकारायला जागा उरत नाही. दुसरं, ऑर्डर नाही, पण शीट रोलवर त्या काळातली तैनाती दिसते. मग अर्जात मागणी वेगळी: संबंधित युनिटकडून पडताळणी करून ऑर्डर प्रसिद्ध करावी. सोबत मूव्हमेंट ऑर्डर, हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, त्याच तुकडीतल्या जोडीदाराच्या पुस्तकाच्या पानाची प्रत त्याच्या संमतीने. तिसरं चित्र म्हणजे तारखाच जुळत नाहीत. मग थांबावं. हेही दहा रुपयांत कळलेलं बरं.

पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांची अडचण खरीच मोठी आहे. त्यांची सेवा कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद आर्मी रेग्युलेशन्सच्या परिच्छेद ५९५ मध्ये आहे. नंतर उरतो लाँग रोल, म्हणजे नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज असा जेमतेम सांगाडा. त्यावरून तारखेची पदकं मागता येतील. मोहिमेचं पदक मागायचं तर पुरावा घरातल्या ट्रंकेतूनच निघायला हवा.

आरटीआयने महिना-दोन महिने जातात, हा आक्षेप मान्य. वय झालेल्या माणसाला तेही जड. सगळे कागद आधीच घरात असतील, ऑर्डरचा क्रमांक हातात असेल, तर माझं म्हणणं बाजूला ठेवा आणि सरळ अर्ज टाका. पण बहुतेकांच्या घरात तो क्रमांक नसतो.

तक्रार पोर्टलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सीपीग्राम्सवर निकालाची मुदत आता २१ दिवस आहे. रेकॉर्ड ऑफिस उत्तरच देत नसेल तर धक्का द्यायला ते चांगलं. पण पुरावा नसताना केलेली तक्रार त्याच एका ओळीवर बंद होते, फक्त लवकर.

न्यायाधिकरणाचं एक गणित मात्र आजच लक्षात ठेवा. लेखी अर्ज नाकारला गेला तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत मुंबई खंडपीठाकडे जावं लागतं. उत्तरच आलं नाही तर अर्जानंतर सहा महिने वाट पाहायची आणि पुढच्या सहा महिन्यांत जायचं. स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं. नुसत्या मोहिमेच्या पदकासाठी वकिलाचा खर्च परवडतो का, हे ज्याचं त्याने ठरवावं. पराक्रम पदकाचं वेगळं: जखम युद्धातली होती ही नोंद ज्या ऑर्डरवर असते, तिच्यावरच युद्धजखमी पेन्शनही अडलेली असू शकते. तिथे मी मागे हटू नका म्हणेन.

वीरपत्नी किंवा कुटुंब निवृत्तिवेतनधारक अर्ज करत असतील तर आरटीआयला कुटुंब पेन्शनचा पीपीओ आणि ओळखपत्र पहिल्याच दिवशी जोडा. नाहीतर त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो आणि अपिलात महिना जातो. मूळ डिस्चार्ज बुक कुठल्याही अर्जाला जोडू नका. दुरुस्ती मंजूर झाल्यावर सही-शिक्क्यासाठी ते मागवलं, तर पाठवण्याआधी कोऱ्या पानांसकट प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. आणि गावातला कुणी जाणकार 'मी पेनाने लिहून देतो' म्हणाला तर पुस्तक त्याच्या हाती देऊ नका. सही-शिक्क्याशिवायची एक ओळ दिसली की आधीच्या खऱ्या नोंदींवरही शंका घेतली जाते.