घड्याळाशेजारी कोण बसणार? पीसीवरच्या छोट्या ॲप्सचा आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी एका पेड पीसी क्लीनरने (कॉम्प्युटर साफ करून देतो म्हणणारा प्रोग्रॅम) माझ्या कार्डावरून पुढच्या वर्षाचे पैसे परस्पर कापून घेतले, आणि नेमका त्याच आठवड्यात कॉम्प्युटर असा रखडायला लागला की साधं फोल्डर उघडायला अर्धा मिनिट. नाव लिहीत नाही, या जातीचे सगळे साधारण सारखेच असतात. रोज सकाळी तो स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारून वर यायचा, १४०० समस्या सापडल्या म्हणायचा, मी दुरुस्त करा दाबायचे, हिरवी टिक यायची आणि दुसऱ्या दिवशी परत हजाराच्या वर. पैसे परत मागितले तर पहिलं उत्तर आलं की रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्ज साठवायची जागा) अजून एकदा साफ करून बघा, दुसरं आलं की वरचं पॅकेज घ्या त्यात ड्रायव्हर अपडेटही आहे, आणि तिसऱ्यात थेट सवलतीची ऑफर. मी पैसे परत मागतेय आणि हे मला अजून विकतायत! त्या दिवशी ठरवलं, आता पीसीवरचं एक-एक ॲप तपासायचं, कशाला ठेवलंय, काय करतं आणि मी बघत नसताना काय करतं.

सुरुवात क्रिस्टलडिस्कइन्फोपासून केली, आणि खरं सांगायचं तर तिथेच निम्मं उत्तर मिळालं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, उघडलं की डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद साठवते, जिला स्मार्ट म्हणतात, ती समोर मांडतं, निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. माझी पिवळी होती. खालच्या यादीत सी५ नावाची ओळ आहे, करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला जे तुकडे वाचता येत नाहीयेत आणि ज्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. तिथे बरीच शून्यं आणि शेवटी १८. मला वाटलं अठरा. पण हे आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीतली मोजणी) असतात, म्हणजे ते १८ आपल्या मोजणीत २४ निघाले! फंक्शन मेन्यूत ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज आहे, तिथे १० वालं डेसिमल निवडा म्हणजे हा घोळ होणार नाही. तर फोल्डर उघडायला अर्धा मिनिट लागत होता तो कचऱ्यामुळे नव्हे, डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसायची म्हणून. आणि तो क्लीनर दर रविवारी त्याच आजारी डिस्कवर डीफ्रॅग (फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणं) चालवत होता. हे कळल्यावर माझा जो संताप झाला तो अजून उतरलेला नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना मायक्रोसॉफ्ट स्वतः पाठिंबा देत नाही, तसं त्यांनी सपोर्टच्या पानावर लिहिलेलं आहे, आणि टेम्पररी फाइल्स काढायला विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स आधीपासूनच आहे. मी तीन वर्षं पैसे भरले ते कशाचे?

तुमच्याकडे जुनी हार्ड डिस्क असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी हे एक ॲप उघडून ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. शून्य असले तर छान. नसले तर स्कॅन, डीफ्रॅग, क्लीन काहीही चालवू नका, आधी डेटा बाहेर काढा.

मी फ्रीफाइलसिंकने काढला. दोन्हीकडचे फोल्डर समोरासमोर दिसतात, कुठे काय वेगळं आहे ते आधी दाखवतं आणि मगच कॉपी करतं. मुख्य म्हणजे एखादी फाइल वाचली नाही गेली तर ती सोडून पुढे जायला सांगता येतं आणि शेवटी अडलेल्या फाइल्सची यादी मिळते. माझ्या तीन अडल्या, तिन्ही जुने फोटो. रात्रभर चाललं पण झालं. एक धोका मात्र नीट समजून घ्या, मिरर हा पर्याय निवडला की डावीकडे जे नाही ते उजवीकडूनही उडतं, म्हणून डिलीट झालेल्या फाइल्ससाठी व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखून ठेवणं) चालू करून एक वेगळा फोल्डर द्यायचा. मी आता दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर असंच घेते.

यातच नोटपॅड प्लस प्लस या मजकूर लिहायच्या ॲपचा एक प्रकार झाला तो सांगायलाच हवा. ते सेव्ह न केलेले टॅबही जपून ठेवतं, दर ७ सेकंदांनी, लाइट गेली तरी परत उघडल्यावर सगळं जागेवर, त्यामुळे मी वर्षानुवर्षं न्यू १, न्यू २, न्यू १७ असे टॅब तसेच ठेवून द्यायचे, अर्धवट मसुदे, कुणाकुणाचे पत्ते, हिशेब. जुन्या डिस्कच्या जागी नवीन एसएसडी (हलते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली, डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप कॉपी झालं, खुश होऊन उघडलं तर कोरं. ते टॅब डॉक्युमेंट्समध्ये नसतातच, ॲपडेटाच्या आत रोमिंगमध्ये नोटपॅड प्लस प्लसच्या फोल्डरात बॅकअप म्हणून असतात, आणि ॲपडेटा हा लपलेला फोल्डर. जुनी डिस्क अजून जिवंत होती म्हणून मिळाले. तेव्हापासून कुठलंही ॲप घेतलं की माझा पहिला प्रश्न हाच, माझं लिहिलेलं कुठे ठेवतोस?

दुसरा प्रश्न घड्याळाशेजारचा. माझा नियम साधा होता, जे ॲप कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होतं आणि घड्याळाशेजारी येऊन बसतं ते काढून टाकायचं. मोजले तेव्हा अकरा आयकॉन होते. प्रिंटरचा एक, जो प्रिंटर दोन वर्षांपूर्वीच गेला त्याचा अजून एक, व्हिडिओ कॉलवाले दोन, पीडीएफवाला एक. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून बरेचसे बंद झाले. पण क्लीनर अनइन्स्टॉल करून पंधरा दिवस झाले आणि एका सकाळी परत तीच खिडकी, तुमचा पीसी धोक्यात आहे! टास्क मॅनेजरमध्ये काही दिसेना. शेवटी ऑटोरन्स उतरवून घेतलं. हे सिसइंटर्नल्सचं, ज्यांना मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतलं, आणि विंडोजबरोबर काय काय आणि कुठून कुठून सुरू होतं ते सगळं यात दिसतं. दिसायला रटाळ आहे, पहिल्यांदा बघून घाबरायला होतं, पण वर शेड्यूल्ड टास्क्स असा टॅब आहे तिथे साहेब सापडले. टिक काढली, विषय संपला. पिवळ्या ओळी म्हणजे नोंद आहे पण फाइल आता नाही, त्या गेलेल्या प्रिंटरच्या चार निघाल्या. इथे भराभर डिलीट करत सुटू नका, आधी नुसती टिक काढा, दोन-चार दिवस बघा, मग ठरवा.

इथपर्यंत माझा नियम पक्का होता. मग एव्हरीथिंग हे फाइल शोधायचं ॲप घेतलं आणि तो मोडला.

माझं काम घरून मजकूर तपासायचं, एकाच पुस्तकाच्या दहा-दहा फाइल्स, अंतिम, अंतिम नवीन, अंतिम खरी अशी नावं. विंडोजच्या शोधात नाव टाकलं की ती हिरवी पट्टी सरकत राहायची आणि मी वाट बघत. एव्हरीथिंगमध्ये दोन अक्षरं टाइप केली की यादी समोर. कारण ते एकेक फोल्डर उघडून बघतच नाही, एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत) डिस्कवर सगळ्या फाइल्सची जी एक मुख्य नोंदवही असते ती मास्टर फाइल टेबल सरळ वाचतं, आणि नंतर काय बदललं तेही विंडोजच्याच नोंदींतून उचलतं. दहा लाख फाइल्स असल्या तरी मेमरी साधारण ७५ एमबी. देवनागरीतली नावंही तशीच सापडतात. तारखेच्या रकान्यावर क्लिक केलं की शेवटची बदललेली फाइल सगळ्यात वर, त्यामुळे आत्ता डाउनलोड केलेलं गेलं कुठे हा प्रश्नच उरला नाही. मी नियमाप्रमाणे तेही घड्याळाशेजारून काढलं होतं, लागेल तेव्हाच उघडायचं म्हणून. पण मग प्रत्येक वेळी आधीची यादी वाचायला दोन-चार सेकंद घ्यायला लागलं, आणि दिवसातून चाळीस वेळा उघडायची गोष्ट अशी थांबून-थांबून वापरण्यात अर्थ नाही. आठवड्यात परत बसवलं. म्हणजे घड्याळाशेजारी बसणं हा गुन्हा नाही, बसून गप्प राहतो का ते बघायचं. एव्हरीथिंगने आठ महिन्यांत एकदाही स्वतःहून तोंड उघडलेलं नाही. उणिवा दोन, फक्त नावं पटकन शोधतं, फाइलच्या आतला मजकूर शोधायला सांगितला तर रडत-रखडत चालतं, आणि पेन ड्राइव्ह एनटीएफएस नसेल तर त्याचा फोल्डर सेटिंगमध्ये हाताने जोडावा लागतो.

क्लिपबोर्डबद्दलही (कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं राहतं ती जागा) माझं असंच मत बदललं. विंडोजमध्ये विंडोज की आणि व्ही दाबलं की कॉपी केलेल्यांची यादी येते, २०१८ च्या शेवटापासून ही सोय आहे, एकदा चालू करावी लागते एवढंच. फुकटात घरातच आहे म्हटल्यावर वेगळं ॲप कशाला, असं मी दोन महिने ठामपणे म्हणत होते. पण ती फक्त २५ गोष्टी ठेवते, आणि रीस्टार्ट केलं की पिन केलेल्या सोडून सगळं साफ. तपासणीच्या कामात २५ म्हणजे काहीच नाही, एका प्रकरणात संपतात. एकदा दुपारभर जमवलेल्या दुरुस्त्या विंडोज अपडेटच्या रीस्टार्टमध्ये गेल्या आणि त्याच संध्याकाळी डिट्टो हे क्लिपबोर्डचं ॲप टाकलं. कंट्रोल आणि एस्केपच्या खालचं बटण, यादी येते, टाइप करून शोधता येतं, रीस्टार्टनंतरही सगळं शाबूत, मागच्या महिन्यातलं वाक्यसुद्धा. माझा वेळ सगळ्यात जास्त कशाने वाचवला असेल तर यानेच.

पण तिसऱ्या आठवड्यात यादीत शोधताना माझाच बँकेचा पासवर्ड साध्या अक्षरांत समोर आला. कधीतरी एका टेक्स्ट फाइलमधून कॉपी केला होता, तो तसाच साठवलेला. पोटात गोळाच आला. डिट्टोची यात चूक नाही, जे कॉपी केलं ते ठेवणं हेच त्याचं काम आहे. चूक पासवर्ड टेक्स्ट फाइलमध्ये ठेवण्याची. त्या रात्री बसून सगळे पासवर्ड कीपास या पासवर्ड जपणाऱ्या ॲपमध्ये हलवले, ती फाइल पूर्ण पुसली, डिट्टोतल्या नोंदी काढल्या. कीपास कॉपी केलेला पासवर्ड १२ सेकंदांत क्लिपबोर्डवरून काढून टाकतं, आणि डिट्टोच्या सेटिंगमध्येही कुठल्या प्रोग्रॅममधून कॉपी घ्यायचं नाही ते सांगता येतं. मी दोन्ही केलं. तुम्ही डिट्टो घेणार असाल तर आधी हे करा, मग घ्या.

पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचाबद्दल फार बोललं जातं, मला त्यातलं पॉवररिनेम आणि इमेज रिसायझर एवढंच लागतं. शंभर फोटोंची नावं बदलायची तर नवीन नावं आधीच शेजारी दिसतात, मग लागू करा. बाकीची डझनभर साधनं मी बंद ठेवलीत आणि स्टार्टअपलाही बंद, काम असलं की सुरू करते. चांगलं आहे, फक्त एका खिडकीत फार गर्दी.

सेव्हन-झिप हे झिप फाइल्स उघडायचं ॲप १९९९ पासून आहे आणि त्याबद्दल नव्याने काय सांगणार, पण एक गोष्ट मला या वर्षीच कळली, ते स्वतःहून अपडेट होत नाही. माझ्याकडे कित्येक वर्षांपूर्वीची आवृत्ती होती. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक खूण ठेवतं, त्या खुणेमुळेच उघडताना इशारा मिळतो, आणि झिपच्या आत झिप असली तर ती खूण पुढे जायची नाही, ही चूक २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या २४.०९ आवृत्तीत दुरुस्त झाली. आता महिन्यातून एकदा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) विंगेट अपग्रेड (winget upgrade) लिहिते, कुणाकुणाचं नवीन आलंय त्याची यादी येते, एका आज्ञेत सगळे अपडेट. यासाठीही मी पूर्वी त्या क्लीनरला पैसे देत होते, त्याच्या जाहिरातीत सॉफ्टवेअर अपडेटर म्हणून वेगळं लिहिलेलं असायचं!

पैशांचं म्हणाल तर अजून परत आलेले नाहीत. आपोआप नूतनीकरणाची परवानगी कार्डाच्या बाजूने रद्द केली, त्यामुळे पुढचे तरी जाणार नाहीत. मागच्यासाठी सातवा ई-मेल गेल्या सोमवारी टाकलाय, सोबत सी५ च्या ओळीचा स्क्रीनशॉट आणि त्याच दिवशीची त्यांची हिरवी टिक.

घड्याळाशेजारी आता दोघंच, एव्हरीथिंग आणि डिट्टो. नवीन एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फोत निळी, ९९ टक्के. फाइलच्या आतला मजकूर भराभर शोधणारं आणि स्वतःहून तोंड न उघडणारं काही तुम्ही वापरत असाल तर नाव नक्की कळवा, तेवढंच एक अजून मिळालेलं नाही.