क्राउडच्या कामाला पोर्टफोलिओ लागत नाही

अंधेरी पश्चिमेला आरामनगरच्या आसपास ऑडिशनची ऑफिसं दाटीवाटीनं आहेत, आणि त्यांच्याच आडोशानं फसवणारेही दुकान मांडतात. व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो, ‘सिरियल आणि जाहिरातीसाठी नवे चेहरे हवेत, अनुभवाची गरज नाही.’ भेटायला गेलं की कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायला लावतात, डावी-उजवी बाजू दाखवायला लावतात. दहा मिनिटांत निरोप येतो, सिलेक्ट झालात. शूट परवा आहे, प्रोफाइल क्लायंटकडे आजच गेली पाहिजे, तेव्हा पोर्टफोलिओचे, म्हणजे स्टुडिओत काढलेल्या फोटोंच्या संचाचे, पैसे आत्ता भरा. घरी विचारायलाही वेळ देत नाहीत.

हातात येणारी पावती नीट वाचा. तिच्यावर कामाचा उल्लेख कुठेही नसतो. ‘फोटोशूट चार्जेस, नॉन-रिफंडेबल’ एवढंच असतं. फोटो खरोखर काढून देतात. काम आलं नाही म्हणून माणूस तक्रार करायला गेला, की समोरचा म्हणतो, यांनी फोटो मागितले, आम्ही दिले. पावती त्याच्याच बाजूनं बोलते. म्हणून कामाचं आश्वासन देणारे मेसेज अजिबात डिलीट करू नका, तुमच्या बाजूनं बोलणारं तेवढंच असतं.

लग्नातला पाहुणा, दवाखान्यात बाकावर बसलेला पेशंट, हिरोच्या मागून चालत जाणारा माणूस अशा क्राउडच्या, म्हणजे मागच्या गर्दीत दिसण्याच्या, कामाला माणसं पुरवणाऱ्या सप्लायरला मोबाइलवर दिवसाउजेडी काढलेले दोन फोटो पुरतात, एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उंचीचा. सोबत वय, उंची आणि राहायचं ठिकाण. कपडे बहुतेक वेळा स्वतःचेच न्यावे लागतात, साध्या रंगाचे दोन-तीन जोड, बारीक रेघांचे किंवा कंपनीचं नाव छापलेले नकोत. पैसा प्रोडक्शनकडून सप्लायरकडे आणि त्याचं कमिशन कापून तुमच्याकडे येतो. तो उलट्या दिशेनं वाहायला लागला, मग त्याला रजिस्ट्रेशन म्हणा, आर्टिस्ट कार्ड म्हणा की कॉस्च्युमचं डिपॉझिट, तिथून उठून या. कलाकारांच्या संघटनेचं कार्ड संघटनेच्या कार्यालयातूनच मिळतं. ‘पेमेंट पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ हाही त्यातलाच प्रकार. पैसे यायला पिन लागत नाही.

लहान मुलांच्या आईबापांना तर याहून मोठ्या रकमांना फसवतात. ‘बाळाचा चेहरा जाहिरातीचा आहे’ हे ऐकून कोण विरघळणार नाही? असं म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी कोण काढणार? बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांनुसार मुलांना शूटिंगला घेण्याआधी निर्मात्याला ती काढावी लागते. दिवसात 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतली किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. खरं काम करणाऱ्यांना हे ठाऊक असतं.

काम खरं असलं तरी पैसे बुडतात. टीव्हीत 90 दिवसांनी पेमेंट ही जुनी रीत आहे, आणि तोवर सप्लायरचा नंबर बंद झालेला असतो. म्हणून निघण्यापूर्वी मेसेजवर लिहून घ्या: तारीख, लोकेशन, कॉल टाइम (सेटवर पोचायची वेळ), शिफ्ट किती तासांची, कमिशन कापून हातात किती, किती दिवसांनी, आणि पॅकअप, म्हणजे शूट संपणं, लांबलं तर जादा किती. जाहिरातीत क्राउड म्हणून नेऊन ऐनवेळी हातात प्रॉडक्ट देतात आणि चेहरा पुढे आणतात. त्याचा दर वेगळा असतो, तो कॅमेरा सुरू होण्याआधी बोला.

पॅकअपला सगळे दमलेले असतात, गाडी सुटायची असते, आणि पैसे मिळाल्याच्या वाउचरचा गठ्ठा फिरतो. नाव भरलेलं, रकमेचा रकाना कोरा. ‘सही करा, आकडा ऑफिसात भरतो.’ त्या रकान्यात नंतर तुमच्या मजुरीपेक्षा मोठी रक्कम चढते, वरचा फरक मधल्यामध्ये जातो, आणि सही असल्यामुळे पैसे मिळाले नाहीत हेही सांगता येत नाही. आकडा अंकी आणि अक्षरी लिहिल्याशिवाय सही करू नका, आणि वाउचरचा फोटो काढून ठेवा.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच अडवता येते. हाताशी व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट असू द्या.