लाइट गेली की विसरणारा चार्जर: केमन ठेवून परदेशी गेल्यावरचा अनुभव

चार्जर गाडीची बॅटरी चांगली भरतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एका बटणाची आहे, आणि ती मी इतक्या जणांना ऐकवली आहे की घरात विषय निघाला की माणसं पाणी प्यायला उठतात.

कंपनीने इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला पाठवलं. गाडी २०१० ची पोर्श केमन, ९८७ (हा त्या पिढीचा पोर्शचा क्रमांक) ची दुसरी आवृत्ती, २.९ लिटर, पीडीके म्हणजे पोर्शचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सेकंडहँड घेतली तेव्हाच ठरवलं होतं की २००९ नंतरचीच हवी, कारण त्या इंजिनात ते बदनाम आयएमएस बेअरिंग (आतल्या मधल्या शाफ्टचं, जे तुटलं की इंजिनच जातं) नाही. गाडी तिकडे न्यायचा हिशेब एका संध्याकाळी मांडून बघितला. आरटीओचे कागद, न्हावा शेवापासूनचं भाडं, तिकडची तपासणी. इंग्लंडमध्ये स्टिअरिंग उजवीकडेच, आणि हीच गाडी सेकंडहँड बाजारात इथल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. कागद चुरगळला. गाडी राहिली नाशकात गंगापूर रोडला, सासऱ्यांच्या बंगल्यातल्या बंद पार्किंगमध्ये.

सासरे ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. विमान उभं ठेवायचं तर कसं ठेवायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि ते तसं दर वाक्यात जाणवूनही देतात. गाडी आली त्या दिवशी त्यांनी लाल पुठ्ठ्याची वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर आणि चारही टायरची हवा लिहिली.

निघण्याआधीची कामं द्वारकाजवळच्या आमच्या मेकॅनिक उस्तादांनी केली. ऑइल आत्ताच बदलायचं की परत आल्यावर, यावर बरीच घासाघीस झाली. त्यांचं म्हणणं, "उभ्या गाडीत नवं ऑइल घालून काय करणार?" पण वापरलेल्या ऑइलमध्ये जळणाचे अंश, ओलावा आणि आम्ल साठलेलं असतं, आणि तेच महिनोन् महिने बेअरिंगला चिकटून बसतं. पैसे मीच देणार होतो, त्यामुळे माझं खरं ठरलं. मोबिल १, ०डब्ल्यू-४०. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि दोन वर्षांनी बदलायचंच असतं, ते त्यातच उरकलं. टायरमध्ये साडेतीन बार हवा, म्हणजे पन्नास पीएसआय, नाहीतर एकाच जागी उभं राहून टायर चपटतात. हँडब्रेक सोडलेला, चाकांना लाकडी ठोकळे. या गाडीचा हँडब्रेक मागच्या डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रममध्ये असतो, आणि नाशिकच्या पावसाळ्यात त्याचे शू तिथेच चिकटले तर चाक हलत नाही. सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबली, उंदरांसाठी. पेट्रोलची टाकी काठोकाठ, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि ते ओलावा शोषतं. टाकीत हवा जितकी कमी तितकं बरं.

खरा खजिना पुढच्या बंपरमागे निघाला. इंजिन सीटच्या मागे (मिड-इंजिन) असलं तरी रेडिएटर पुढेच, दोन्ही कोपऱ्यांत, आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. बंपर उतरवला तर दोघांच्या मधे कडुनिंबाच्या पानांचा ओला थर, एक गुटख्याची पुडी आणि कुणाच्या तरी वरातीतल्या सोनेरी झिरमिळ्या. खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्या बोट लावलं की पिठासारख्या सुटत होत्या. हे तसंच ठेवून गेलो असतो तर परत येऊन नवा कंडेन्सर घ्यावा लागला असता, आणि त्याची किंमत उस्तादांनी सांगितली तेव्हा मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. ज्यांच्याकडे ९८७ आहे त्यांनी बाकी काही करा न करा, बंपर उतरवाच.

आता चार्जर. अलार्म आणि कंट्रोल युनिट गाडी बंद असतानाही थोडा करंट खातात. तीस-चाळीस मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला जवळपास एक अँपिअर-अवर जातो. सत्तर-ऐंशीची बॅटरी दोन-अडीच महिन्यांत संपते, आणि स्टार्टर त्याच्या बराच आधी हात वर करतो. मग टर्मिनल काढून का नाही ठेवलं? कारण बॅटरी पुढच्या डिकीत, आणि त्या डिकीचं कुलूप विजेवर चालतं. टर्मिनल काढलं की झाकण अर्धवट उघडंच ठेवावं लागतं. शेजारच्यांच्या स्विफ्टचं वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं मी पाहिलं होतं. त्यामुळे ऑनलाइन पाच अँपिअरचा 'स्मार्ट' चार्जर घेतला, चार हजार आठशेला. बॅटरीला रिंग टर्मिनलची वायर कायमची कसली, रबरी कडेतून बाहेर काढली आणि गेलो.

या चार्जरची गंमत अशी की लाइट जाऊन आली की तो नुसता एक दिवा लावून बसतो. भरायला सुरुवात करत नाही. कुणीतरी जाऊन मोडचं बटण दाबायचं, मग तो कामाला लागणार. हे खोक्यावर लिहिलेलं नाही. पुस्तिकेत आहे, शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. नाशकात आधीच पावसाळ्यात झाडं तारांवर पडतात, त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले. लाइट जाणार नाही असा आठवडा दाखवा. सासरे म्हणाले, "बटण दाबायला मी आहे ना." आणि दाबायचेही. वहीत 'लाइट गेली', 'लाइट आली', 'बटण दाबले' अशी ओळीने नोंद आहे.

श्रावणात ते दोघं मुंबईला थोरल्या मेव्हणीकडे गेले आणि लांबले. परतल्यावर मला व्हिडिओ कॉल. "जावईबापू, रिमोट मेलाय आणि तुमची पुढची डिकी काही उघडत नाही." म्हणजे बॅटरी डिकीत, आणि डिकी बॅटरीवर.

यावरचा उपाय गाडीतच दिलेला असतो, हे मात्र मानायला हवं. किल्लीतल्या पात्याने दरवाजा उघडायचा, पायाजवळचा फ्यूज बॉक्स उघडायचा, त्यातलं पॉझिटिव्हचं टोक बाहेर ओढायचं. मेव्हण्याच्या ॲक्टिव्हाची बॅटरी काढली, लाल क्लिप त्या टोकाला, काळी दरवाजाच्या कुलपाच्या लोखंडी कडीला. काळी लागली आणि अलार्मचा हॉर्न सुरू झाला. फोनच्या पडद्यावर मला फक्त सासऱ्यांचा कान आणि छत दिसत होतं. रिमोट दाबल्यावर 'टक' झालं. मल्टिमीटर म्हणाला ९ व्होल्ट. भरलेली निरोगी बॅटरी १२.७ च्या आसपास असते. लेड-ॲसिड बॅटरी इतकी उतरून पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं, आणि गेलेली क्षमता पूर्ण परत येत नाही.

कस्टमर केअरला मेल केला. उत्तर आलं की उत्पादन नियमानुसार काम करत आहे, अखंड वीजपुरवठा ठेवावा. ब्रँडचं नाव मी घेत नाही, पण हे वाक्य कुठे बसून लिहिलं असेल याची उत्सुकता मला अजून आहे. त्याच दिवशी एक तारा दिला.

इथून मत थोडं बदललं, त्याचं श्रेय सासऱ्यांना. मी यूपीएस मागवायला सांगत होतो. त्यांनी पार्किंगमधला प्लग घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, वायरमनची मजुरी तेवढी लागली. तरी लाइट गेली की चार्जर झोपायचाच. मग त्यांनी इन्व्हर्टरचा मागचा छोटा स्विच यूपीएस मोडवर टाकला. त्या मोडमध्ये इन्व्हर्टर लाइनवरून बॅटरीवर काही मिलिसेकंदांत जातो. तेवढ्यात चार्जरला लाइट गेल्याचं कळतच नाही. एक बॅटरी जगवायला दुप्पट मोठी दुसरी बॅटरी, हे माझ्या काटकसरीला झोंबलं, पण दिवाळीनंतर वहीत 'बटण दाबले' ही नोंद एकदाही नाही. १३.६ व्होल्टवर शांतपणे टिकून आहे. त्यानंतर तारे तीन केले.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. त्यांना दर रविवारी इंजिन दहा मिनिटं चालू करायचं होतं, मेव्हण्याला तर फारच. उभ्या उभ्या दहा मिनिटांत ऑइल पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आणि स्टार्टरने खाल्लेला करंटही धड भरून निघत नाही. चालवायची तर ऑइल गरम होईपर्यंत चालवा, नाहीतर हातच लावू नका. मेव्हण्याने लगेच त्र्यंबकचा रस्ता सुचवला. मी नको म्हणालो. वहीत 'इंजिन सुरू केले नाही (जावयांच्या हट्टामुळे)' अशी नोंद आहे.

संक्रांतीला आलो, टायरची हवा उतरवली, घासणी काढली, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. मागच्या डिस्कवरचा गंज सोसायटीच्या गेटपर्यंत खरवडून गेला. बॅटरी मात्र बदलावी लागणार असं उस्ताद म्हणतात, आणि ते पैसे मी मनातल्या मनात चार्जरच्या किमतीत मिळवले आहेत. तसं धरलं तर स्वस्तातला चार्जर सगळ्यात महाग पडला.

ज्यांच्या पार्किंगला इन्व्हर्टरची लाइन ओढता येत नाही, आणि फ्लॅटमध्ये ती कोण ओढू देतं, त्यांनी हा घेऊ नये. हजार-दोन हजार जास्त घालून मोड लक्षात ठेवणारा घ्या. खोक्यावर हे कुणी छापत नाही, त्यामुळे दुकानातच एखाद्या बॅटरीला लावून, प्लग काढून परत घालून बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.