बॉल पायथनच्या पेटीसाठी हीट मॅट आणि थर्मोस्टॅट : साखळी (गोवा) येथील एका वर्षाचा अनुभव

गोव्यात सापाला ऊब देण्याची गरज काय, असे घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि एप्रिल-मे महिन्यांपुरता तरी हा प्रश्न रास्त आहे. साखळीच्या आमच्या कौलारू घरात त्या दिवसांत दुपारी खोलीचेच तापमान 33 अंशांवर जाते. मात्र डिसेंबर-जानेवारीत पहाटे हाच आकडा 20-21 पर्यंत उतरतो. मूळच्या पश्चिम व मध्य आफ्रिकेतल्या बॉल पायथनला पेटीच्या उबदार बाजूस 31 ते 33 आणि थंड बाजूस 25 ते 27 अंश सेल्सिअस लागतात. साप अन्न पचवतो ते बाहेरून मिळालेल्या उबेवर, आणि ती कमी पडली तर गिळलेला उंदीर काही दिवसांनी तसाच बाहेर टाकतो. आमच्या मादीने गेल्या थंडीत असे केले, तेव्हा मी हा संच मागवला. (ही जात विदेशी असून 2024 च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर तिची नोंदणी करावी लागते. आपल्याकडचा नाग, घोणस किंवा अजगर घरात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.)

संचात 14 वॅटची हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई), ती ठरवलेल्या तापमानानुसार चालू-बंद करणारा, भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसणारा थर्मोस्टॅट आणि वायरच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर एवढेच मिळते. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण याच बांधणीचे संच बाजारात अनेक नावांनी मिळतात. मॅट पेटीखाली, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागात चिकटवायची असते आणि पेटीला खालून बुटके पाय द्यावे लागतात. नाहीतर उष्णता टेबल आणि काच यांच्यामध्ये कोंडते. मॅटबद्दल माझी तक्रार नाही. ती निमूटपणे तापते, आणि तिच्याकडून तेवढीच अपेक्षा असते.

खरे परीक्षण थर्मोस्टॅटचे करायला हवे. वापरण्यापूर्वी मी सेन्सर बर्फाचा चुरा घातलेल्या पाण्यात बुडवला, तेव्हा पडद्यावर शून्याऐवजी 1.4 दिसले; कोमट पाण्यात तापाच्या डिजिटल थर्मामीटरशी ताडून पाहता तो 1.2 अंश जास्तच दाखवत होता. म्हणजे मी 32 लावले असते, तर सापाला जेमतेम 31 मिळाले असते. हा फरक भरून काढण्याची सोय यंत्रात आहे, पण माहितीपत्रकात ती शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत दिलेली आहे.

याहून गंभीर दोष सेन्सर काचेला चिकटवणाऱ्या रबरी चकतीत आहे. जुलैच्या दमट हवेत ती काचेवरून सुटली आणि सेन्सर थंड बाजूला, पाण्याच्या भांड्याजवळ जाऊन पडला. तिथे 27 अंश असल्यामुळे थर्मोस्टॅटने मॅट अखंड चालू ठेवली. संध्याकाळी माझ्या हातातल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने उबदार बाजूची, पेटीत अंथरलेल्या भुशाखालची काच 41 अंश दाखवली. साप सुदैवाने दुसऱ्या टोकाला होता. परंतु तळ जास्त तापला तरी साप तिथून हलतोच असे नाही आणि पोटाला भाजते, म्हणून हे सुदैव गृहीत धरता येत नाही. तेव्हापासून सेन्सर मी मॅट आणि काच यांच्यामध्ये पक्क्या चिकटपट्टीने बसवला आहे. तिथे 35 लावले, की भुशाच्या पृष्ठभागावर 32 मिळतात. भुसा जाड घातला, की हे गणित बदलते, त्यामुळे तो दीड-दोन सेंटिमीटरहून जास्त घालत नाही.

पावसाळ्यात वीज वारंवार जाते. वीज परतल्यावर थर्मोस्टॅट ठरवलेले तापमान विसरत नाही, ही त्याची जमेची बाजू. दिवसभरातल्या कमाल-किमान तापमानाची नोंद मात्र पुसली जाते, आणि नेमकी तीच आम्हाला हवी असते. 14 वॅटचा भार घरच्या इन्व्हर्टरला जाणवतही नाही, म्हणून आता मॅट त्याच्यावर जोडली आहे.

वर्षभर वापरल्यावर माझे मत असे झाले आहे, की या संचातली मॅट गोव्यात तीन-चार महिनेच खरी कामाची आहे, तर तापमान पाहण्याची सोय बाराही महिने लागते. मे महिन्यात थर्मोस्टॅट मॅट बंद करतो, पण पेटी थंड करणे त्याच्या हातात नाही, आणि तापमान वाढल्याची सूचना देणारा आवाजही त्याला नाही. त्यामुळे थंड बाजूसाठी कमाल-किमान नोंद ठेवणारा दुसरा, बॅटरीवर चालणारा तापमापक मी वेगळा घेतला. थंड बाजूनेही 30 ओलांडले, की पेटी कौलांखालून उचलून स्वयंपाकघरालगतच्या जाड मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवतो. तिथे दुपारीही दोन-तीन अंश कमीच असतात.